चादरीचा बाजार भरवा: कॉलेजच्या तासाला खेळ कसा घ्यावा

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात दुपारी साडेबाराचा अर्थशास्त्राचा तास. मोहोळ, अक्कलकोट, वैरागकडून एसटीनं येणाऱ्या मुलांचा दिवस पहाटे पाचला सुरू झालेला असतो. डबा नुकताच खाऊन झालेला. मी फळ्यावर मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा काढल्या, त्या एकमेकींना छेदतात तिथं ठिपका दिला आणि म्हटलं, ‘ही समतोल किंमत.’ साठ वह्यांत साठ ठिपके पडले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, पण ही किंमत ठरवतं कोण?’ तिचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात. मी ‘बाजारातल्या शक्ती’ वगैरे सांगितलं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शब्दांत देता येत नाही, ते करून बघावं लागतं, हे कळायला मला आणखी एक वर्ष लागलं. आता दर वर्षी मी वर्गात चादरींचा बाजार भरवते. तो कसा भरवायचा हे इथं सविस्तर सांगते, कारण ‘खेळातून शिक्षण’ यावर भाषणं खूप होतात, पण कार्डावर नेमके कुठले आकडे लिहायचे हे कुणी सांगत नाही. त्यानंतर इतर विषयांसाठी दोन-तीन खेळ थोडक्यात देते.

खेळ निवडण्याआधी

खेळ म्हणजे कंटाळा घालवायचं साधन, असं धरून चाललात तर मुलं हसतील, टाळ्या वाजवतील आणि परीक्षेत पुन्हा पाठ केलेलंच लिहितील. कुठलाही खेळ घेताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. पहिला: हा खेळ नीट खेळायला विषय कळावा लागतो का? फासे टाकून किंवा बोटं भराभर चालवून जिंकता येत असेल तर तो खेळ सोडून द्यावा. दुसरा: खेळ संपल्यावर मुलांना नेमक्या कुठल्या गोष्टीचं नवल वाटलं पाहिजे? हे एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य सुचत नसेल तर त्या घटकासाठी खेळ नको, साधं व्याख्यान बरं.

माझ्या बाजाराचं वाक्य असं आहे: कुणीच किंमत ठरवली नाही, कुणालाच दुसऱ्याचा आकडा माहीत नव्हता, तरी सगळे सौदे एका किमतीजवळ आले.

सामान आणि आकडे

साठ मुलांसाठी साठ कार्डं लागतात. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून घ्या, ती जाड असतात आणि मागून आकडा दिसत नाही. तीस कार्डं लाल पेनानं गिऱ्हाइकांची, तीस निळ्या पेनानं विक्रेत्यांची.

गिऱ्हाइकाच्या कार्डावर तो जास्तीत जास्त किती रुपये देऊ शकतो तो आकडा: ५६०, ५३०, ५००, ४७०, ४४०, ४१०, ३८०, ३५०, ३२०, २९०. विक्रेत्याच्या कार्डावर त्याला चादर कितीला पडली तो आकडा: २४०, २७०, ३००, ३३०, ३६०, ३९०, ४२०, ४५०, ४८०, ५१०. प्रत्येक आकड्याची तीन कार्डं करा. वर्ग चाळीसचा असेल तर दोन-दोन पुरतील. मुलं वर-खाली झाली तर उरलेल्यांना फळ्यावर नोंदी घ्यायला उभं करा. एसटी उशिरा आल्यामुळं मागाहून येणाऱ्यांनाही हेच काम द्या, म्हणजे खेळ थांबवावा लागत नाही.

हे आकडे मी बरीच कागदं खर्ची घालून बसवले आहेत, ते शक्यतो बदलू नका. या आकड्यांवर अठरा सौदे व्हायला हवेत आणि किंमत ३९० ते ४१० च्या मध्ये यायला हवी. तुम्हाला हे आधीच माहीत असतं, मुलांना नसतं. बाजारातल्या खऱ्या चादरीच्या किमतीशी यांचा संबंध नाही, हे मात्र सुरुवातीलाच सांगून टाका. चाटी गल्लीत, म्हणजे कापडबाजारात, ज्यांची दुकानं आहेत त्यांची मुलं वर्गात असतात आणि ती लगेच भाव सांगू लागतात.

बाजार भरवताना

१. शेजारच्या वर्गातल्या सरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. गोंगाट होणारच, आणि तो व्हायलाच हवा.

२. कार्डं पालथी वाटा. आपला आकडा कुणाला दाखवायचा नाही, मैत्रिणीलाही नाही. खेळ यावरच उभा आहे.

३. नियम पाच मिनिटांत सांगा. प्रत्येकाला एकच चादर घ्यायची किंवा विकायची आहे. गिऱ्हाइकानं कार्डावरच्या आकड्यापेक्षा जास्त द्यायचं नाही, विक्रेत्यानं पडलेल्या किमतीखाली विकायचं नाही. गिऱ्हाइकाचा आकडा ४७० आणि चादर ४०० ला मिळाली, तर त्याचे ७० रुपये वाचले. चादर ३३० ला पडली आणि ४०० ला विकली, तर विक्रेत्याला ७० सुटले. सौदा झालाच नाही तर नफा शून्य, तोटाही नाही.

४. बाक भिंतीकडं सरकवता येत असतील तर सरकवा. आमच्याकडं ते जमिनीला ठोकलेले आहेत, म्हणून आम्ही फळ्यासमोरची जागा आणि मधली वाट वापरतो.

५. भाव मोठ्यानं पुकारायचा. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाला जो आवाज असतो तसा. ‘चारशे वीसला देतो!’ ‘तीनशे ऐंशीला घेते!’ कानात कुजबुजून सौदा करायचा नाही.

६. सौदा जमला की दोघांनी फळ्याकडं यायचं, किंमत सांगायची, कार्डं परत द्यायची आणि बसायचं. नोंदी घेणारा फक्त किंमत लिहितो, आणि ती क्रमानं लिहितो.

७. पाच-सहा मिनिटांनी टाळी वाजवून बाजार बंद करा. मग तीच कार्डं त्याच मुलांना देऊन लगेच दुसरी फेरी घ्या.

पाचवा आणि सातवा नियम मी आधी पाळत नव्हते. मुलं कोपऱ्यात दोघं-दोघं गाठून सौदे करायची आणि किमती शेवटपर्यंत विस्कटलेल्या राहायच्या. नंतर वाचनात आलं की हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन असेच बाजार वर्गात भरवत आणि त्यांच्याकडंही सौदे समतोलाजवळ येत नसत. १९४८ साली त्यांनी ते छापलं. त्या वर्गात बसलेले व्हर्नन स्मिथ पुढं प्राध्यापक झाले तेव्हा त्यांनी दोन बदल केले: भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा आणि बाजार पुन्हा पुन्हा भरवायचा. किमती जागेवर येऊ लागल्या. त्यांचा लेख १९६२ चा, आणि या वाटेवरच्या कामासाठी त्यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण वर्गात करतो तो पोरखेळ नाही, हे सहकाऱ्यांना पटवून द्यायची वेळ आली तर ही गोष्ट उपयोगी पडते.

पहिल्या फेरीत सौदे ३०० पासून ५०० पर्यंत कुठंही होतात. दुसऱ्या फेरीत बहुतेक आकडे चारशेच्या आसपास गोळा व्हायला लागतात. फळ्यावर दोन रकाने शेजारी शेजारी दिसतात तेव्हा वर्ग आपोआप शांत होतो. त्या शांततेत तुम्ही बोलू नका.

खेळानंतरची पंधरा मिनिटं

ही मिनिटं राखून ठेवलीच पाहिजेत. तासाची घंटा व्हायला वीस मिनिटं उरली की खेळ थांबवा, मग मुलं कितीही ‘मॅडम, आणखी एक फेरी’ म्हणोत. घंटेपर्यंत खेळत राहिलेला वर्ग मजा घेऊन जातो, पण त्या मजेतून कळलं काय हे तिथंच सुटून जातं.

प्रश्नांचा क्रम मी ठरवलेला आहे. आधी, ‘कुणाचा नफा सगळ्यात जास्त झाला?’ सगळे बोलायला लागतात. मग, ‘सौदा कुणाचा झाला नाही?’ इथं जरा थांबा. २९० चं कार्ड मिळालेला मुलगा ‘मी नीट भाव केला नाही’ असं म्हणतो. ५१० वाली मुलगी म्हणते, ‘माझी चादर कुणी घेतली नाही.’ आता कार्डं उघडी करायला सांगा. एका मुलाला फळ्यावर गिऱ्हाइकांचे आकडे उतरत्या क्रमानं मांडायला लावा, दुसऱ्या मुलीला विक्रेत्यांचे चढत्या क्रमानं. ५६० समोर २४०, ५३० समोर २७०. सातव्या जोडीला ३८० समोर ४२० येतात आणि कुणीतरी ओरडतं, ‘इथं जमतच नाही!’

तोच छेदनबिंदू. या वेळी रेषा मुलांनी स्वतःच्या कार्डांतून काढलेल्या असतात. २९० वाल्याला कळतं की तो भाव करण्यात कमी पडला नव्हता, त्याचा आकडाच रेषेच्या पलीकडचा होता. उपभोक्त्याचं संतोषाधिक्य हा शब्द मी इथं पहिल्यांदा उच्चारते, त्याआधी नाही. ‘तुझे वाचलेले ७० रुपये आठवतात? त्याचं नाव हे.’ आधी अनुभव आणि मागून नाव, हा क्रम उलटा केला की सगळंच सपाट होतं.

पुढच्या तासाला याच कार्डांवर आणखी दोन फेऱ्या होतात. एक: ‘सरकारनं चादरीची कमाल किंमत ३३० ठरवली.’ आता विकायला तयार फक्त बारा विक्रेते आणि घ्यायला चोवीस गिऱ्हाइकं. रांग लागते, ढकलाढकली होते, कुणी हळूच वर पैसे देऊ करतं. टंचाई आणि काळा बाजार हे शब्द तुम्हाला उच्चारावे लागत नाहीत. दोन: ‘प्रत्येक विक्रेत्यानं चादरीमागं ६० रुपये कर भरायचा.’ सौदे अठरावरून पंधरावर येतात आणि किंमत ४२० ते ४४० च्या मध्ये जाते. कर विक्रेत्यावर लावला, पण किंमत वाढली साधारण ३० नं. मग उरलेले ३० कुणी सोसले? कराचा भार या घटकावर मी पूर्वी दोन तास बोलायचे.

मोबाईल घ्यावा की नाही

मोबाईलवर प्रश्नमंजुषा घेण्याची बरीच साधनं आहेत, कहूट त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं. पहिल्यांदा मी तशीच प्रश्नमंजुषा घेतली तेव्हा अठ्ठावन्न जणांपैकी अकरा जणांनाच आत येता आलं. कुणाचा डेटा संपलेला, कुणाचा फोन घरी भावाकडं. बाकीची मुलं त्या अकरांकडं बघत बसली होती. चांगला फोन असणाऱ्यांचाच वर्ग भरवायचा असेल तर शिकवण्याला अर्थ नाही. तेव्हापासून सगळ्यांकडं फोन असलाच पाहिजे असा खेळ मी घेत नाही.

त्यावर तोडगा आहे. प्लिकर्स नावाच्या साधनात मुलांच्या हातात छापील कागदी कार्ड असतं, ते चार बाजूंनी फिरवून चार उत्तरं दाखवता येतात आणि फक्त शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा ती वाचतो. तेही नको असेल तर एक कोरा कागद चार घड्यांत दुमडा, प्रत्येक भागावर अ, ब, क, ड लिहा. ‘एक, दोन, तीन’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम कागद छातीशी धरायचा. एकदम धरणं महत्त्वाचं, नाहीतर मागचे बाक पुढच्यांकडं बघून उत्तर देतात.

आता यातली खरी गंमत. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर १९९० च्या दशकापासून एक पद्धत वापरत आले आहेत. प्रश्नाला साधारण अर्धा वर्ग चुकला तर उत्तर सांगायचं नाही. ‘शेजाऱ्याला पटवून दे’ असं सांगून दोन मिनिटं द्यायची आणि पुन्हा कागद वर करायला लावायचे. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरं वाढतात, कारण नुकतंच समजलेल्या मुलाला दुसऱ्याचं अडतं कुठं हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं. सगळ्यांनाच उत्तर आलं तर प्रश्न सोपा होता, पुढं जा. जवळपास कुणालाच आलं नाही तर तो भाग पुन्हा शिकवा, चर्चेनं तिथं काही होणार नाही.

दर आठवड्याला अशी पाच प्रश्नांची फेरी घेतली तरी पुष्कळ होतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. पाच मिनिटांनंतर मात्र पुन्हा वाचणारेच पुढं होते. म्हणूनच मुलांना ‘वाचलं की येतंय’ असं वाटत राहतं.

गणित आणि संगणकवाल्यांसाठी शेंगदाणे

जोडीला एकवीस शेंगदाणे द्या. आळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायचे, शेवटचा उचलणारा जिंकला. दहा मिनिटं नुसतं खेळू द्या. कुणाच्या तरी लक्षात येतं की समोरच्यापुढं चार ठेवले की तो हरतो. मग आठ, मग बारा. ‘मग पहिला डाव ज्याचा, त्यानं किती उचलावेत?’ एक. समोर वीस राहिले पाहिजेत. उलटीकडून विचार करणं, चारनं भागल्यावर उरणारी बाकी, गणिती विगमन, सगळं याच शेंगदाण्यांत आहे.

तेवढं जमलं की ३, ४ आणि ५ असे तीन ढीग करा. एका वेळी एकाच ढिगातून कितीही उचला. या खेळाचं संपूर्ण गणित चार्ल्स बूटन यांनी १९०१ साली मांडलं आणि ते द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ नं लिहिलेल्या, संख्यांवर उभं आहे: ०११, १००, १०१. प्रत्येक उभ्या रकान्यात एक या अंकाची संख्या सम करून समोरच्याला द्यायची. इथं मधला रकाना विषम आहे, म्हणून तीनच्या ढिगातून दोन उचलायचे. द्विमान पद्धत नुसती पाठ असलेली मुलं ही चाल पाहिल्यावर पुन्हा वही उघडतात. खेळ संपला की शेंगदाणे खाऊन टाकावेत, आपल्याकडं ते उरत नाहीतच.

शब्दबंदी, आणि घरची भाषा

हा खेळ कुठल्याही विषयाला चालतो आणि मला तो मनापासून आवडतो. कार्डावर एक संज्ञा आणि तिच्याखाली बंदी असलेले चार शब्द. चमूतल्या एकानं ते शब्द न वापरता संज्ञा समजावायची, बाकीच्यांनी ओळखायची. ‘लवचिकता’ असेल तर किंमत, मागणी, बदल, टक्के हे शब्द बंद. व्याख्या पाठ असलेला विद्यार्थी इथं अडतो आणि ज्याला अर्थ कळलाय तो सुटतो.

सोलापुरात यात एक भर घाला: घरची भाषा चालेल. आपल्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारी मुलं असतात आणि पुष्कळदा तीच वर्गात गप्प असतात. एकदा ‘संधी खर्च’ (एक गोष्ट करताना जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत) हे कार्ड शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीकडं आलं. ती थोडा वेळ थांबली. मग तेलुगूत आणि मराठीत मिसळून म्हणाली, ‘अम्मा माझ्या कॉलेजात सभेला आली, दोन तास बसली. तिकीट लागलं नाही, पैसे गेले नाहीत. पण त्या दोन तासांत किती बिड्या वळून झाल्या असत्या?’ चमूनं ताबडतोब ओळखलं. वर्षभर मी तिचा आवाज ऐकला नव्हता. ते उदाहरण आता मी प्रत्येक तुकडीला सांगते.

कुठं खेळ करू नये

इतिहासाच्या एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, १९३० च्या सोलापूर मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्यावर, भूमिका वाटून खेळ घेऊ का? मी नको म्हटलं. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. त्या प्रसंगावर गुण, फेऱ्या आणि हार-जीत लावणं मनाला पटत नाही. त्याऐवजी घटनांची कार्डं करा: ६ एप्रिल १९३० ला दांडीला मिठाचा कायदा मोडला, ५ मे ला गांधीजींची अटक, १२ मे ला सोलापुरात मार्शल लॉ, पुढच्या जानेवारीत फाशी, ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार. तारखा झाकून कार्डं लावायला द्या आणि प्रत्येक दोन कार्डांच्या मध्ये ‘म्हणून’ की ‘तरीही’ ते लिहायला सांगा. गुण नाहीत, घड्याळ नाही. फाशी आणि करार या दोन कार्डांच्या मध्ये कुठला शब्द येतो यावर मुलं तासभर बोलतात.

गुण, बक्षिसं, चमू

खेळातल्या हार-जितीवर अंतर्गत गुण देऊ नका. दिलेत की मुलं धोका पत्करत नाहीत, आणि चूक करायला न घाबरणं हाच तर खेळाचा फायदा. द्यायचेच असतील तर खेळानंतर लिहिलेल्या अर्ध्या पानाला द्या: काय अपेक्षित होतं, काय झालं, का झालं. चॉकलेटसुद्धा नको, दोन आठवड्यांत मुलं ‘आज काय मिळणार’ विचारू लागतात.

चमू मुलांना निवडू देऊ नका, गावचे गावच्यांत आणि मुली मुलींत जातात. हजेरी क्रमांकाला पाचनं भागून बाकीनुसार गट पाडा, वाद होत नाहीत. ज्याला पुढं येऊन ओरडायचं नाही त्याला नोंदी घेऊ द्या. दुसऱ्या खेपेला तो स्वतःहून कार्ड मागतो असं मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण पहिल्याच दिवशी ढकलू नका.

सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिला खेळ घ्या, तोवर मुलांना तुमची ओळख झालेली असते. महिन्याला एक मोठा खेळ आणि आठवड्याला कागदी मतांची एक फेरी, याहून जास्त घेऊ नका. उन्हाळ्याच्या सत्रात चादरीचा बाजार मार्च लागण्याआधी उरका. सोलापूरच्या उन्हात बंद खोलीत साठ जणांनी भाव पुकारणं कुणालाच झेपत नाही.

कार्डं गोळा करताना लाल आणि निळी वेगवेगळी मोजून घ्या आणि रबर लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी हजेरीआधी फळ्यावर एकच ओळ लिहा: ‘काल ४१० चं कार्ड ज्याच्याकडं होतं, त्याला कर लागल्यावर चादर का मिळाली नाही?’ आणि हजेरी घ्यायला लागा. उत्तर ‘हजर’च्या आधी येतं.